ओळींमधून जाणारी बुलेट

बुलेटचं मागचं चाक काढलं की काय उरतं? इंजिन, गिअरबॉक्स, टाकी, हँडल, सीट आणि पुढचं चाक. गुजरातच्या अमरेली जिल्ह्यात मोटा देवळिया नावाचं गाव आहे. तिथल्या मनसुखभाई जगाणींनी १९९४ च्या सुमारास या उरलेल्या भागाला मागून लोखंडी सांगाडा जोडला. सांगाड्याला आडवा धुरा, धुऱ्याच्या दोन टोकांना दोन चाकं आणि त्यांच्या मागे एक आडवी दांडी. या दांडीला पेरणीचं, कोळपणीचं, सरी पाडायचं, हवं ते अवजार अडकवता येतं. बैलाच्या अवजाराला तिकडे सांती म्हणतात, म्हणून या गाडीचं नाव पडलं ‘बुलेट सांती’. रस्त्यावर धावायला बनलेली मोटारसायकल तीन चाकांवर उभी राहिली आणि शेतात उतरली.

मनसुखभाईंचं शिक्षण प्राथमिक शाळेपर्यंतचं. गावात दुरुस्तीची आणि लोखंडाची कामं करणारा हा माणूस. त्यांच्या गाडीचे फोटो गेल्या पंचवीस-तीस वर्षांत अनेक ठिकाणी छापून आले आणि बहुतेक ठिकाणी सूर एकच होता, कौतुकाचा आणि थोडा गमतीचा. मला तो सूर अपुरा वाटतो. ही गाडी नीट पाहिली तर तिच्या प्रत्येक भागामागे एक हिशोब दिसतो. तो हिशोब समजून घ्यायचा तर आधी अमरेलीची जमीन समजून घ्यावी लागते.

अमरेली हा सौराष्ट्रातला पाण्याची ओढ असलेला जिल्हा. भुईमूग आणि कपाशी ही तिथली मुख्य पिकं. १९८५ पासून गुजरातेत लागोपाठ तीन वर्षं पाऊस रुसला आणि १९८७ सालचा दुष्काळ तर शतकातल्या मोठ्या दुष्काळांत गणला गेला. अशा वर्षात शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो तो दावणीचा. बैल वर्षाचे बारा महिने खातो. त्याचं खरं काम मात्र काही आठवड्यांचंच. वैरण विकत घेऊन तो जगवणं छोट्या शेतकऱ्याला झेपत नाही आणि एकदा विकलेली जोडी पुन्हा उभी करणं त्याहून झेपत नाही. दुसरीकडे अमरेली-भावनगरची तरुण मुलं हिरे घासायला सुरतेला निघून गेलेली. म्हणजे बैल नाहीत आणि खुरपायला माणसंही नाहीत.

पाऊस पडून गेला की जमिनीला वापसा येतो. वापसा म्हणजे माती ना चिकट ना कोरडी, अवजार चालायला अगदी योग्य. ही वेळ फार थोडी असते. त्या दोन-चार दिवसांत कोळपणी झाली तर तण मरतं, ओल टिकते, पीक उचल खातं. बैलजोडी दुसऱ्याची असेल तर आपली पाळी येईपर्यंत वापसा निघून जातो, नाहीतर पुन्हा पाऊस येतो, आणि मग पिकाच्या आधी तणच कमरेला लागतं. शेतकऱ्याला शक्ती थोडीशीच हवी असते, पण ती वेळेवर हवी असते. बैलजोडीची ताकद साधारण एक अश्वशक्ती धरतात आणि कोळपणीला तेवढी पुरते. त्यासाठी पस्तीस-चाळीस अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्यायचा तर कर्ज जमिनीच्या किमतीला भिडतं. शिवाय उभ्या पिकात तो शिरणार कसा? त्याची चाकं रुंद, अंग जड. ओळी तुडवल्याशिवाय तो वळतही नाही.

बैल आणि ट्रॅक्टर यांच्यामध्ये ही जी मोठी जागा रिकामी होती, तिथे बुलेट आली. ती आकाशातून पडली नाही. सौराष्ट्रात छकडो रिक्षा कधीपासून धावत होती: पुढून बुलेट, मागून माल आणि माणसं वाहणारा हौदा. तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर एकेका छकड्यातून जेवढी माणसं जायची ती पाहून मोजणारा थकेल. राजकोट-जसदण भागात या गाड्या बांधणारे आणि दुरुस्त करणारे मिस्त्री होते, सुटे भाग मिळत होते, आणि मोटारसायकलच्या गिअरबॉक्समधून निघालेली साखळी दोन चाकांच्या धुऱ्यावर कशी न्यायची हे गावोगावच्या हातांना ठाऊक होतं. शिवाय बुलेटचं डिझेल रूप बाजारात होतं. ग्रीव्ह्ज-लोंबार्डिनीचं ३२५ सीसीचं, जेमतेम साडेसहा अश्वशक्तीचं इंजिन असलेली ती गाडी शहरी माणसाला कंटाळवाणी वाटायची. शेतकऱ्याला ती आवडली, कारण ती थोड्या इंधनात दिवसभर एकाच चालीनं ओढत राहायची. मनसुखभाईंची करामत अशी की, रस्त्यावरची ही विद्या त्यांनी ओळीत नेली. ओळीत नेताना मात्र तिच्यातलं जवळजवळ सगळं बदलावं लागलं.

पहिला बदल वेगाचा. बैल ताशी दोन-तीन किलोमीटर चालतो. मोटारसायकलचा पहिला गिअरसुद्धा माणसाच्या चालीच्या बराच पुढे असतो, आणि कोळपं त्या वेगानं ओढलं तर माती उडून रोपांवर बसते, नाहीतर रोपच उपटून येतं. म्हणून साखळीच्या मागच्या बाजूला मोठं चक्र बसवतात. तेवढ्यानं भागलं नाही तर गिअरबॉक्स आणि धुरा यांच्यामध्ये वेग आणखी उतरवणारी दातेरी चाकं घालतात. वेग निम्म्यावर आला की ओढ दुप्पट होते, आणि हवी असते ती ओढच. नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशनच्या नोंदीप्रमाणे बुलेट सांती एक एकर अर्ध्या तासाच्या आत करते आणि त्याला दोन लिटर डिझेल लागतं. हे ताडून पाहता येतं. एकर म्हणजे चार हजार चौरस मीटरच्या किंचित वर. अवजाराची रुंदी दीड मीटर धरली तर एका एकरात साधारण पावणेतीन किलोमीटर चालणं होतं. ते अर्ध्या तासात करायचं तर वेग ताशी साडेपाच किलोमीटर येतो. म्हणजे माणसाची झपझप चाल, आणि एवढ्या वेगात चालकाला ओळ डोळ्यांनी धरता येते.

दुसरा बदल गरमीचा. मोटारसायकलच्या इंजिनावरच्या त्या धातूच्या पापुद्र्यांच्या रांगा समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड होतात. माणसाच्या चालीनं वारा येत नाही. ओढ मात्र पूर्ण असते. पेट्रोल इंजिन अशा कामात तापतं, तेल पातळ होतं आणि पिस्टन धरतो. स्वतःचा पंखा असलेली छोटी डिझेल इंजिनं म्हणूनच या गाड्यांवर रुजली. आज सौराष्ट्रात ‘सनेडो’ नावानं जी तीनचाकी शेतगाडी जागोजाग बनते, तिच्यात मोटारसायकलचं इंजिन क्वचितच असतं. मोटारसायकलकडून आलेलं फक्त पुढचं तोंड उरलं आहे: हँडल, काटा आणि कधीकधी टाकी.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात सुंदर वाटते. ती म्हणजे चाकांची मांडणी. चारऐवजी तीन चाकं का, याचं उत्तर फक्त ‘मोटारसायकलला पुढे एकच चाक असतं’ एवढं नाही. भुईमुगाच्या दोन ओळींत समजा ७५ सेंटिमीटर अंतर आहे. पुढचं चाक एका सरीत घाला. मागची दोन चाकं एकमेकांपासून दीड मीटरवर ठेवा, म्हणजे ती डाव्या-उजव्या बाजूच्या सऱ्यांत बरोबर बसतात. तीन चाकं, तीन सऱ्या, आणि मधल्या दोन ओळी गाडीच्या पोटाखालून अलगद निघून जातात. ओळीचं अंतर ६० सेंटिमीटर असेल तर मागची चाकं १२० वर आणायची. म्हणून धुऱ्यावर चाक आत-बाहेर सरकवायची सोय करावी लागते. पोटाखाली रोपाच्या उंचीएवढी जागा सोडावी लागते. चाक अरुंद पण उंच घ्यावं लागतं. यंत्राचं माप पिकानं दिलं आहे. कंपनीच्या कारखान्यात ही मापं उलट्या बाजूनं ठरतात: यंत्र आधी बनतं आणि शेतकऱ्यानं आपली पेरणी त्याला जुळवून घ्यायची असते.

आता धोक्याची बाजू. ती झाकून या गाडीचं कौतुक करणं मला मान्य नाही.

पुढे एक आणि मागे दोन चाकं असली की जमिनीवर टेकणारा आकार त्रिकोणी होतो. चौकोनाला चार कोपरे असतात. त्रिकोणाचं पुढचं टोक निमुळतं. गाडी वळताना वजन बाहेरच्या बाजूला पुढे सरकतं आणि तिथे आधारच नसतो. म्हणून वजन होईल तेवढं खाली आणि मागच्या धुऱ्याजवळ ठेवावं लागतं. पण फार मागे नेलं तर दुसरं संकट उभं राहतं. अवजार ढेकळात, दगडात किंवा मुळात अडकलं की चाकं पुढे जायला बघतात, अवजार मागे खेचतं आणि गाडीचं तोंड वर उठतं. जाणते मिस्त्री त्यासाठी दांडी धुऱ्याच्या खाली ठेवतात आणि पुढच्या काट्यापाशी वजन बांधतात. मागची दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली तर वळताना आतलं चाक घसटतं, गाडी वळायला तयार होत नाही, चालक जोर लावतो आणि ती एकदम वळते. दोन चाकांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देणारा डिफरन्शियल घातला तर हे टळतं; त्यासाठी भंगारातल्या गाड्यांचे धुरे उपयोगी पडतात. ब्रेकचं तर विचारूच नका. दुचाकीचं वजन आणि दोन माणसं थांबवायला बनलेला ड्रम ब्रेक लोखंडाचा सांगाडा, अवजार आणि बियाण्याची पोती घेऊन उतारावर काय करणार?

हा अनुभव जगानं एकदा मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. १९७० साली होंडानं अमेरिकेत एक तीनचाकी आणली. बर्फात आणि वाळूत फिरता यावी म्हणून फुग्यासारखे मऊ टायर, ८९ सीसीचं इंजिन, स्प्रिंग नाहीत, मागचा धुरा सलग. ओसामु ताकेउची या अभियंत्यानं ती घडवली होती. पुढच्याच वर्षी जेम्स बाँडच्या चित्रपटात ती दिसली आणि सुट्टीतला खेळ म्हणून खपली. मग इतर कंपन्या आल्या, इंजिनं मोठी झाली, बारा-चौदा वर्षांची मुलं त्यांवर बसू लागली आणि उलटून मरणाऱ्यांची संख्या इतकी वाढली की अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला कोर्टात जावं लागलं. १९८८ च्या तडजोडीत कंपन्यांनी तीनचाकी गाड्यांची विक्री बंद केली आणि सगळा बाजार चारचाकींकडे वळला. बुलेट सांतीचा वेग त्या गाड्यांच्या तुलनेत किरकोळ, हे खरं. पण शेतातून घरी परतताना तीच गाडी डांबरी रस्त्यावर येते, वरच्या गिअरमध्ये जाते, मागे दांडीवर दोन मजूर बसलेले असतात आणि मागे लाल दिवाही नसतो. गाडी शेतात कमी आणि या परतीच्या रस्त्यावर जास्त धोक्याची असते.

मनसुखभाईंचं काम गावाबाहेर पोहोचलं ते अनिल गुप्ता यांच्यामुळे. अहमदाबादच्या आयआयएममधल्या या प्राध्यापकांनी ‘हनी बी नेटवर्क’ उभं केलं, शोधयात्रा काढून गावोगावची कल्पक माणसं नोंदवली. त्यातून १९९७ साली गुजरातेत ‘ज्ञान’ ही संस्था आणि २००० साली नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन उभं राहिलं. या फाउंडेशनचं अध्यक्षपद डॉ. रघुनाथ माशेलकरांनी दीर्घकाळ सांभाळलं. हळदीच्या पेटंटची लढाई लढलेल्या माणसाला एका खेडेगावातल्या मिस्त्रीच्या हक्काचं महत्त्व सांगावं लागलं नसणार. पाठपुरावा झाला आणि मनसुखभाईंच्या नावावर २००५ साली अमेरिकेचं पेटंट आलं.

पेटंट अमेरिकेत, नकला मात्र राजकोट-जुनागढच्या प्रत्येक वर्कशॉपमध्ये. यात अन्याय झाला असं पटकन वाटेल. गुप्तांची भूमिका वेगळी आहे: एका कारागिराची युक्ती दुसऱ्या कारागिरानं घेतली, सुधारली, तर ती पसरू द्यावी, कंपनीनं घेतली तर तिनं परवाना घ्यावा आणि मोल द्यावं. मला ही भूमिका पटते, कारण सनेडो ज्या वेगानं सुधारत गेला तो वेग वकिलाच्या नोटिशीनं थांबला असता. एकानं धुरा बदलला, दुसऱ्यानं उचलायला हायड्रॉलिक बसवलं, तिसऱ्यानं मागे जायचा गिअर दिला. पण मूळ कारागिराच्या घरात काय आलं, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही, आणि तो विचारत राहायला हवा. मनसुखभाई स्वतः थांबले नाहीत. ज्याला बुलेटही परवडत नाही त्याच्यासाठी त्यांनी पुढे सायकलवर चालणारा फवारणी पंप केला. सायकल ओळीतून ढकलत न्यायची, चाक फिरलं की पंप चालतो.

महाराष्ट्राचा आणि या गाडीचा संबंध काय? खानदेशात, मराठवाड्यात, विदर्भात जुन्या दुचाकीला डवरा किंवा कोळपं जोडणारे शेतकरी आता दर पावसाळ्यात वर्तमानपत्रात दिसतात. कारणं तीच आहेत. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर आहे. एवढ्या जमिनीवर ना बैलजोडी परवडते ना ट्रॅक्टर. पण अमरेलीची गाडी जशीच्या तशी उचलून वाशीम-लातूरला आणता येत नाही, आणि याचं कारण सोयाबीन. त्याची पेरणी ४५ सेंटिमीटरवर होते. वरचा हिशोब लावला तर मागची चाकं ९० सेंटिमीटरवर येतात. इतकी अरुंद गाडी काळ्या मातीच्या भेगाळ, उंचसखल रानात डुगडुगते. एक चाक बांधावर चढलं की संपलं. उपाय शेतकऱ्यांच्या हातातलाच आहे. पट्टापेर पद्धतीत ठरावीक ओळींनंतर, कुठे तीन तर कुठे सहा, एक ओळ रिकामी सोडतात. कृषी विद्यापीठंही ती सुचवतात. फवारणीला, निंदणीला वाट मिळते, पाणी निथळतं. त्याच रिकाम्या ओळी चाकांच्या वाटा म्हणून आखल्या तर गाडी रुंद बांधता येईल. म्हणजे बियाणं पेरतानाच यंत्राचा विचार आणि यंत्र बांधताना पेरणीचा. मिस्त्री आणि शेतकरी एकाच गावात राहतात तेव्हा हे जमतं.

आणि ते बांधणारे हात आपल्याकडेही आहेत. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातल्या सामानातून, दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली, साठेक हजार खर्चात. २०२१ च्या अखेरीस उद्योगपती आनंद महिंद्रांनी तिची दखल घेतली, ही गाडी नियमात बसत नसल्यानं कधी ना कधी रस्त्यावर अडवली जाईल हेही सांगितलं, आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात लोहारांना बोलेरो दिली. त्या घरासाठी तो आनंदाचा दिवस होता. पण प्रत्येक लोहाराला बोलेरो मिळणार नाही.

कायदा काय म्हणतो ते स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीच्या कागदात असलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाप्रमाणे बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ साली राजस्थानच्या एका प्रकरणात ‘जुगाड’, म्हणजे जोडाजोड करून बांधलेली गाडी, हेही मोटार वाहनच आहे आणि त्याला कायदा लागू होतो असं सांगितलं. २०१९ च्या जानेवारीत त्याच न्यायालयानं कलम ५२ चा अर्थ आणखी कडक लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद ठेवली. रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर हे योग्यच आहे. दिवे नसलेला, विमा नसलेला छकडा रात्री समोर आला तर मरणाऱ्याच्या घरच्यांनी दाद कुणाकडे मागायची?

माझी तक्रार दुसऱ्या बाजूची आहे. रस्त्याचा दरवाजा बंद केला, तर शेताचा तरी उघडा. यांत्रिकीकरणाचं अनुदान मिळतं ते तपासून प्रमाणित झालेल्या यंत्रालाच. तपासणी करणाऱ्या केंद्रीय संस्था देशात मोजक्या, त्यातली सगळ्यात जुनी मध्य प्रदेशात बुदनीला. त्यांचे नमुने, त्यांची फी, त्यांची कागदपत्रं हे सगळं कारखानदाराला डोळ्यांसमोर ठेवून आखलेलं आहे. वर्षाला पाच-दहा गाड्या बांधणारा मिस्त्री, ज्याची प्रत्येक गाडी गिऱ्हाइकाच्या ओळीप्रमाणे दोन बोटं वेगळी असते, तो तिथे पोहोचतच नाही. म्हणून त्याची गाडी ना कायदेशीर ठरते ना सुरक्षित, आणि विकली मात्र जाते.

ही गाडी तपासायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आयटीआय आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. तिरका करता येणारा एक फलाट बांधा आणि गाडी किती अंशांवर कलंडते ते मोजा. अवजार जमिनीत अडकवून पुढचं चाक कधी उचलतं ते पाहा. भरल्या वजनानं उतारावर ब्रेक लावा आणि थांबायचं अंतर टेपनं मोजा. साखळीवर पत्र्याचं झाकण आहे का, धोतराचा सोगा किंवा साडीचा पदर आत ओढला जाईल का, हे हात लावून बघा. सायलेन्सर चालकाच्या तोंडाशी सुटतो का ते बघा. पास झालेल्या गाडीला नंबर ठोका, ती फक्त शेतात आणि शिवारातल्या वाटेवर चालेल असं लिहून द्या, आणि मिस्त्रीला त्या नंबराखाली सही करू द्या. नापास झालेल्या गाडीत काय बदलायचं ते त्याला तिथल्या तिथे दाखवा. वेल्डिंगचं मशीन त्याच्याकडे आहेच.